हौसेला सबब कशाला?

विदर्भातल्या खेड्यात माणसाने पैसा कशावर उडवावा याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण ते सगळ्यांना पाठ आहेत. लग्नात उडवला तर इभ्रतीचा. तेरवीला उडवला तर कर्तव्याचा. पटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलजोडीत लाखभर रुपये घातले तर माणूस शौकीन, आणि जोडीने पट जिंकला की गावभर मिरवणूक. पण चाळिशी ओलांडलेल्या एखाद्या कास्तकाराने कापसाच्या चुकाऱ्यातून दोन-तीन हजारांचा प्लास्टिकचा हीमॅन, म्हणजे जुन्या कार्टूनमधल्या नायकाचा पुतळा, मागवला, की पानठेल्यावर त्याचा पंचनामा सुरू. "लहान पोट्ट्यायचे खेयने घेऊन बसला हा बावा" इथपासून "म्हणूनच तर शेतकरी बुडते" इथपर्यंत.

मला त्या पंचनाम्याबद्दल बोलायचं आहे. लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या खेळण्यांच्या नव्या आवृत्त्या जमवणारे लोक आता फक्त पुण्या-मुंबईत राहिलेले नाहीत. मोबाईल आणि कुरियर जिथवर पोचलं तिथवर हा नाद पोचला आहे. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या माझ्या एका कास्तकार मित्राने बंद पडलेल्या कृषी केंद्राचं काचेचं कपाट विकत आणलं. जिथे एकेकाळी कीटकनाशकाच्या बाटल्या मांडलेल्या असत, तिथे आता हीमॅन, त्याचा वैरी स्केलेटर आणि जी. आय. जोचे सैनिक उभे आहेत. सर्वात खालच्या फळीवरचं फवारणी पंपाच्या जाहिरातीचं स्टिकर मात्र अजून निघालेलं नाही.

ही हौस आहे, आणि हौस एवढंच कारण तिला पुरे आहे. बिघाड आहे तो आपण तिला जोडतो त्या सबबींमध्ये. पानठेल्यावरचे लोक उगाच हसतात हे खरं. पण त्यांच्या हसण्याला भिऊन संग्राहक जी उत्तरं देतो ती त्या हसण्यापेक्षा जास्त नुकसान करतात.

आधी ही चीज काय आहे ते थोडक्यात. १९८२ साली मॅटेल या अमेरिकन कंपनीने 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' ही साडेपाच इंची पुतळ्यांची मालिका बाजारात आणली. हीमॅन तिचा नायक. कार्टून त्यानंतर, १९८३ मध्ये आलं. म्हणजे खेळणं आधी आणि गोष्ट मागून. गोष्ट हीच खेळण्याची जाहिरात. त्याच १९८२ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने आपला जुना बारा इंची जी. आय. जो पावणेचार इंचांचा करून नव्याने उतरवला. १९८४ मध्ये मोटारीचे यंत्रमानव होणारे ट्रान्सफॉर्मर्स आले, बरेचसे जपानी साच्यांतून. ती खेळणी खेळलेली अमेरिकेतली मुलं आज पन्नाशीच्या आसपास आहेत. कंपन्यांनी हिशेब केला: खेळणं तेच, गिऱ्हाईक तेच, फक्त गिऱ्हाइकाच्या खिशात आता स्वतःचा पैसा आहे. म्हणून २०२० मध्ये जी. आय. जो सहा इंची होऊन 'क्लासिफाइड' या नावाने परतला. हीमॅन 'ओरिजिन्स' या नावाने आला, जुन्याच रुपड्यात, पण कोपर, गुडघा, घोटा वाकणारा. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेत अठरा वर्षांवरच्या गिऱ्हाइकांनी खेळण्यांच्या खरेदीत तीन ते पाच वर्षांच्या पोरांच्या गटालाही मागे टाकलं, असं तिथल्या बाजार-पाहणीत दिसलं. खेळण्यांचा धंदा बऱ्याच अंशी मोठ्या माणसांवर चालू लागला आहे. त्यात गैर काही नाही. फक्त तसं म्हणायला कुणी तयार नाही.

आता सबबी. सगळ्यात लाडकी सबब गुंतवणुकीची. "हे आज तीन हजारांचं आहे, दहा वर्षांनी तीस हजारांचं होईल." मित्राने बायकोला हेच सांगितलं, भावाला हेच सांगितलं, आणि पुन्हा पुन्हा सांगून त्याला स्वतःलाही ते पटलं. पुरावा म्हणून तो मोबाईलवर १९८२ च्या सीलबंद हीमॅनची परदेशातली किंमत दाखवतो. किंमत खोटी नसते. पण ती का आली, हे कुणी विचारत नाही.

जुन्या हीमॅनला भाव आला कारण तो कुणी जपला नव्हता. पोरांनी पाकीट फाडलं, तलवार हरवली, पुतळा अंगणात पुरला. त्याची कंबर पिळून सोडली की आतल्या स्प्रिंगमुळे ठोसा बसायचा; तो ठोसा मारून मारून स्प्रिंग गेली. जी. आय. जोचं धड आणि पाय आत एका काळ्या रबरी रिंगने जोडलेले असत. वर्षांनी ते रबर कडक होतं, तुटतं आणि सैनिकाचे दोन तुकडे हातात येतात. लाखो निघाले, त्यातले थोडे धड राहिले, आणि त्या थोड्यांना भाव आला. आजच्या फिगरचं, म्हणजे या नव्या पुतळ्यांचं, नेमकं उलट आहे. घेणारा मोठा माणूस, हातात मोजे घालण्याइतका सावध; एक उघडायला, एक सीलबंद ठेवायला असे दोन-दोन नग घेणारा. जी वस्तू सगळ्यांनीच जपून ठेवली ती दुर्मीळ कशी होणार?

याचे धडे होऊन गेले आहेत. १९९९ मध्ये स्टार वॉर्सचा नवा सिनेमा आला तेव्हा त्याची खेळणी लोकांनी खोकीच्या खोकी भरून ठेवली. कंपनीने मागणीहून जास्त माल काढला होता, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे विशेष भाव आलाच नाही. त्याच दशकात अमेरिकेत बीनी बेबीज नावाच्या कापडी प्राण्यांचा बाजार असाच फुगला आणि फुटला. आपल्याकडे तर उदाहरणासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरजही नाही. सफेद मुसळी, मग इमू. 'बियाणं आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू' म्हणणारे आले, भाव फक्त बियाणं विकेपर्यंत टिकला. ज्याने कुंपणाआड ते उंच पक्षी खात उभे पाहिले आहेत, त्याने तरी प्लास्टिकच्या पुतळ्यात म्हातारपणाची सोय शोधू नये.

शिवाय हवा. हे अमेरिकेतल्या मार्गदर्शक व्हिडिओत कुणी सांगत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि टिनाच्या छताखाली कपाटात किती होत असेल ते देवालाच माहीत. मऊ पीव्हीसीचा घोटा स्वतःच्याच वजनाने वाकतो आणि आठवड्याभरात योद्धा काचेवर डोकं टेकून उभा राहतो. मित्र मग पातेल्यात पाणी गरम करतो, पुतळ्याचे पाय त्यात मिनिटभर बुडवतो, बोटांनी सरळ करतो आणि लगेच माठातल्या थंड पाण्यात धरतो. पाय सरळ. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि फिगर हाताला चिकट लागायला लागते. पांढरा भाग पिवळा पडतो. कूलर लावला तर पुठ्ठ्याचं कार्ड दमटपणाने फुगतं. या हवेत 'सीलबंद, अस्सल स्थितीत' हा शब्दप्रयोग कापसाच्या वजनात कट्टी न कापण्याच्या वचनाइतकाच टिकाऊ.

आणि विकायचंच झालं तर कुणाला विकणार? सेलूच्या बाजारात स्केलेटरला बोली लागत नाही.

गुंतवणुकीची सबब नुसती खोटी असती तरी चाललं असतं. ती धोकादायक आहे, कारण हौसेला असलेली नैसर्गिक मर्यादा ती काढून टाकते. हौस म्हणून माणूस एक घेतो, पाहतो, खूश होतो, थांबतो. 'गुंतवणूक' म्हटली की थांबायचं कारणच उरत नाही. उलट न घेणं हा तोटा वाटायला लागतो. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. मर्यादित आवृत्ती, ठरावीक तासांपुरती नोंदणी, आगाऊ पैसे, आणि 'इतक्या लोकांनी मागणी नोंदवली तरच बनवू' अशा योजना. सोयाबीनचं बी संपणार म्हणून दुकानासमोर लावलेली रांग मी पाहिली आहे; प्री-ऑर्डरच्या रात्री मोबाईल हातात घेऊन बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तोच भाव असतो.

दुसरी सबब जास्त नाजूक आहे. आठवणींची. "हे आमचं बालपण आहे."

कुणाचं बालपण? दूरदर्शनवर हीमॅन लागायचा तेव्हा आमच्या गल्लीत एक टीव्ही होता, तोही ब्लॅक अँड व्हाइट, ज्यांच्या घरी होता त्यांच्या ओसरीत पोरं दाटीने बसायची, आणि अँटेना फिरवायला एकाला छतावर चढवलेलं असायचं. हीमॅनचा तो वाघ, बॅटल कॅट, हिरवा आहे हे आम्हाला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. वाघ म्हणजे ताडोबातला, पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, असंच आम्ही धरून चाललो होतो. खेळणं तर लांबची गोष्ट. लिओ या भारतीय कंपनीने मॅटेलशी भागीदारी करून हीमॅनची खेळणी इथे काढली. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून काढलेल्या फनस्कूलने पुढे जी. आय. जो भारतात बनवला, हॅस्ब्रोच्याच साच्यांतून. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात ती काचेआड दिसत असतीलही. आमच्यापर्यंत आली ती बहिरमच्या यात्रेतली नक्कल: पोकळ, एका रंगाची, हात न हलणारी, शिट्ट्या आणि भिंगऱ्यांच्या ढिगात टाकलेली. तिला आम्ही हीमॅन म्हणत होतो.

गंमत अशी की फनस्कूलने आपल्या मर्जीने चित्रविचित्र रंग देऊन काढलेले ते भारतीय जी. आय. जो आज परदेशी संग्राहक शोधत फिरतात. जे आम्हाला तेव्हा परवडलं नाही, ते आता त्यांनाही सहज मिळत नाही. यात आनंद मानावा की नाही, मी अजून ठरवलेलं नाही.

सांगायचं ते हे, की कंपनी जी आठवण विकते ती अमेरिकेतल्या कुठल्या तरी उपनगरातल्या मुलाची आहे: नाताळची सकाळ, झाडाखालचं खोकं, गालिच्यावर मांडलेली लढाई. तिच्यात आमचा वाटा ओसरीतल्या तिसऱ्या रांगेएवढा. मित्र जेव्हा म्हणतो की मी बालपण परत आणतो आहे, तेव्हा मला म्हणावंसं वाटतं, बाबा रे, तुझ्याकडे ते होतंच कुठे? तू पहिल्यांदाच भेटतो आहेस त्याला. आणि पहिल्या भेटीत कमीपणा कसला? चाळिशीत पोहायला शिकणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की लहानपणी पोहत होतास का. खोटी आठवण उभी केली की मात्र एक नुकसान होतं: जे खरंच आपलं होतं ते पुसट होतं. बाभळीच्या काटकीची तलवार, सायकलच्या टायरचा गाडा, तुटक्या चपलेच्या चाकांची बैलगाडी, पऱ्हाटीच्या काड्यांचं कुंपण घातलेलं दोन हात शेत. त्या खेळाची कुणी नवी आवृत्ती काढणार नाही, कारण त्याचा हक्क कुठल्याच कंपनीकडे नाही.

तिसरी सबब लवकर उरकते. "पोरांसाठी घेतो." कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली बापाच्या कडदोऱ्याला. पोरगं मोबाईलवर बंदुकीचा खेळ खेळतं. पुढे बोलायचं काही नाही.

मग या सबबी लागतात कशाला? कारण विदर्भाच्या शेतकऱ्याच्या प्रत्येक खर्चाचं ऑडिट करण्याचा हक्क सगळ्यांनी आपसूक घेतला आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं तेव्हापासून या जिल्ह्यांच्या नावामागे 'आत्महत्याग्रस्त' हे विशेषण कायमचं चिकटलं. आलेल्या मदतीची चर्चा थोडी झाली, घेणाऱ्याच्या चारित्र्याची फार. कर्जमाफी मिळाली, तर याच्याकडे मोटरसायकल कशी? अनुदान मिळालं, तर पोराच्या हातात महागडा मोबाईल कसा? शहरातला पगारदार वर्षाला दोनदा फिरायला जातो, बूट जमवतो, घड्याळं जमवतो, त्याला कुणी हप्त्यांची वही मागत नाही. गरीब मानलेल्या माणसाने मात्र पैसा पोटासाठी, शेतीसाठी आणि देवासाठीच वापरावा, अशी अट. आनंदासाठी वापरला की तो गुन्हेगार, किंवा निदान पोरकट.

इथे कुणी गाडगेबाबांचं नाव काढेल, आणि काढावंच. शेणगावात जन्मलेला हा माणूस हयातभर गावोगावी सांगत फिरला की कर्ज काढून सण करू नका, देवाला बकरं कापू नका, जेवायला ताट नसलं तर हातावर भाकर घ्या पण पोरांना शिकवा. त्यांच्यासमोर तीन हजारांचा स्केलेटर ठेवायची माझी हिंमत नाही. तरी त्यांचा रोख कशावर होता ते पाहायला हवं. ते कर्जाच्या आणि दिखाव्याच्या मागे हात धुऊन लागले होते, चार लोक काय म्हणतील म्हणून होणाऱ्या खर्चाच्या मागे. माझ्या मित्राच्या कपाटाला तर चार लोक काय म्हणतात हे आपण पाहिलंच. गावात इज्जत घालवून करायचा असा हा बहुधा एकमेव खर्च असेल. गाडगेबाबांच्या कसोटीला लग्नातला डीजे आधी बसवा, मग हीमॅनकडे या.

कर्जाची कसोटी मात्र मी जशीच्या तशी मान्य करतो, आणि ती मित्रालाही लावतो. पीककर्जाच्या पैशातून फिगर नाही. हप्त्यावर नाही. बी-बियाणं, खत, पोरीची फी आणि सावकार या चौघांचं भागल्यावर जे उरेल त्यातून. एखाद्या वर्षी बोंडअळी आली, भाव पडला, की काही उरतच नाही. त्या वर्षी कपाट आहे तसं राहील. हौस म्हणवून घेणाऱ्या माणसाला हे सहज जमतं. गुंतवणूकदार म्हणवून घेणारा त्याच वर्षी 'भाव खाली आहेत तोवर घेऊन ठेवू' म्हणतो.

सबबी फक्त संग्राहकच देतो असं नाही, सरकारही देतं. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्के झालं, २०२३ मध्ये सत्तर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची झाली. स्वस्त, विषारी रंगाचा माल पोरांच्या तोंडात जाऊ नये म्हणून मानक हवंच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्राच्या हौसेवर जड कर बसला म्हणून मी रडणारही नाही, चैनीवर कर असावा. पण ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये खेळण्यांचा विषय काढला तेव्हापासून जे काही ऐकू येतं ते ऐका: खेळणी म्हणजे रोजगार, खेळणी म्हणजे संस्कृती, खेळणी म्हणजे आत्मनिर्भरता. नव्या शैक्षणिक धोरणात खेळणी म्हणजे अध्यापनाचं साधन. खेळणं म्हणजे खेळ, असं कुणी म्हणत नाही. मी पाहिलेल्या एका अंगणवाडीत खेळण्यांचा संच कपाटात बंद होता, कारण मोडला तर साठ्याच्या नोंदवहीत काय लिहायचं हा प्रश्न. कुलूप माझ्या मित्राच्या कपाटालाही आहे. त्याने निदान स्वतःच्या पैशाने आणलं आहे.

या मानक-सक्तीतून नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट दिलेली आहे, ते बरं झालं. पण पोळ्याच्या आधी चार दिवस सागाच्या तुकड्यातून नंदी कोरून देणारा गावचा सुतार कुठल्या कार्यालयात नाव लावायला जाणार?

आणि नंदीवर आलोच आहोत तर आमच्या भागाचं एक गुपित सांगून टाकतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात तान्हा पोळा भरतो. नागपूरच्या भोसल्यांनी तो सुरू केला असं सांगतात. पोरं लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत आणतात, घरोघरी जाऊन बोजारा मागतात, आणि सगळ्यात चांगल्या नंदीला बक्षीस मिळतं. कागदोपत्री हा मुलांचा सण. प्रत्यक्षात काय चालतं? नंदीची निवड बाप करतो. झूल आई शिवते. शिंगांना बेगड काका लावतो आणि पॉलिश नीट झालं नाही म्हणून आजोबा सुतारावर चिडतात. आमच्याजवळच्या सिंदी रेल्वेचे नंदी तर इतके मोठे असतात की पोराला नुसतं बाजूला उभं करून फोटो काढायचा, ओढायला बाप्येच लागतात. लाखाच्या घरात गेलेल्या नंदीची बातमी छापून येते आणि कुणी म्हणत नाही की शेतकरी बुडाला. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला आजोबांचा नंदी वर्षातून एकदा माळ्यावरून काढतात, पुसतात, तेल लावतात, कौतुकाने पाहतात आणि परत ठेवून देतात. याला संग्रह नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? चाकं आहेत, रंगकाम आहे, माप आहे, 'आमचा अस्सल जुन्या सागाचा' असा तोरा आहे, शेजाऱ्याच्या नंदीकडे तिरक्या नजरेने पाहणंही आहे.

पटाचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा तळेगाव दशासरपासून भंडारा-गोंदियापर्यंत मोठमोठे बाप्ये तोंड पाडून बसले होते. २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला, तेव्हा फटाके उडाले. बाजूने बोलणाऱ्यांनी परंपरा, देशी गोवंश, ग्रामीण अर्थकारण असं सगळं मांडलं. धावती जोडी पाहून अंगावर काटा येतो, एवढंच कारण खरं होतं. ते शपथपत्रात लिहिता येत नाही.

म्हणजे विदर्भातल्या मोठ्या माणसांना खेळण्याची हौस नवी नाही. देवाच्या किंवा परंपरेच्या पदराआड ती खुशाल चालते. हीमॅनला तो पदर नाही, एवढाच त्याचा दोष. मित्राच्या कपाटातले पुतळे उघडे पडले आहेत. ते कुठल्याही तिथीला निघत नाहीत, त्यांची आरती होत नाही. म्हणून मला तो माणूस जास्त प्रामाणिक वाटतो. गुंतवणुकीचं बोलणं तेवढं त्याने थांबवावं.

त्यांनी आपली खेळणी करून आपल्याला विकली, आपण आपली का करत नाही, असा प्रश्न हमखास येतो. झाडीपट्टीच्या नाटकातला राजा सहा इंची का नको, गोंडवनाचा वीर का नको? जरूर यावेत. साचा कापायला लाखो रुपये लागतात आणि ते वसूल व्हायला नगही तसेच हजारोंनी खपावे लागतात, हा अडसर खरा आहे. पण मॅटेलनेही काटकसर केलीच होती: हीमॅनचा तो हिरवा वाघ म्हणजे त्यांच्याच 'बिग जिम' या मोठ्या मापाच्या जुन्या खेळण्यातला वाघ. साचा पडून होता, नव्या रंगात ओतला. म्हणून तर तो स्वाराच्या मानाने एवढा दांडगा दिसतो. मोठी कल्पना दर वेळी मोठ्या भांडवलातूनच येते असं नाही. फक्त आपण काढू तेव्हा ते 'मुलांवर संस्कार' म्हणून काढू नये. घेणारा चाळिशीचा असेल, त्याला संस्कार नको असतात. चांगले सांधे आणि नीट रंगवलेले डोळे हवे असतात.

तूर्त मी आमच्या गावच्या तान्ह्या पोळ्याच्या समितीकडे एक साधी सूचना केली आहे. मुलांचा गट मुलांना सोडा: नंदी त्यांनी स्वतः सजवलेला असला पाहिजे, बापाने हात लावला की बाद. आणि मोठ्यांचा वेगळा गट ठेवा, वयाची अट चाळिशीच्या पुढे, प्रवेश फी दुप्पट, ती मुलांच्या बक्षिसांना. समितीतल्या दोघा ज्येष्ठांनी 'अजी, हे शोभते का' म्हणून बैठकीत विरोध केला आणि बाहेर आल्यावर फी किती राहील ते विचारलं. मित्राची शंका वेगळीच होती. बॅटल कॅटला झूल घातली तर चालेल का.